शितावरून भात

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते खोटे नाही. पण आश्विन सरता सरता एखाद्या टेकाडावर चढून खाली नजर टाकली, तर प्रथम डोळ्यांत भरतात त्या बांध्या. पश्चिमेकडच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की पाणी तुंबून राहावे म्हणून धानाच्या शेताचे धुरे घालून जे लहान लहान तुकडे पाडतात, त्या एकेका तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात. हलके धान पिवळे पडू लागलेले असते, भारी धान अजून हिरवे असते, मधूनच एखादी बांधी करपलेली असते, आणि हे सारे धुऱ्यांच्या रेघांनी कोणी आखून ठेवल्यासारखे दिसते. शेजारशेजारच्या दोन बांध्यांचे पीक मात्र सारखे कधी नसते. तलावाच्या पोटाखालची बांधी भरभरून पिकते, आणि तिच्यापासून शंभर पावलांवरच्या बरड बांधीतली लोंब हातात घेतली तर निम्मे दाणे पोचट निघतात.

अशा मुलखात मी शेतीखात्याची नोकरी केली. त्या नोकरीतली पुष्कळशी कामे आता विसरलो आहे. पण दरवर्षी दिवाळीच्या मागेपुढे येणारे एक काम पक्के आठवते. कागदोपत्री त्याला ‘पीक कापणी प्रयोग’ असे भारदस्त नाव आहे. गावातली काही शेते छापील आकड्यांच्या तक्त्यावरून, म्हणजे जवळजवळ चिठ्ठ्या टाकूनच, निवडायची. निवडलेल्या शेतात कोपऱ्यापासून किती पावले लांब आणि किती पावले आत शिरायचे, तेही तक्त्यानेच सांगायचे. तेथे खुंटी ठोकायची, दोरीने ठरीव मापाचा तुकडा आखायचा, त्यातले धान कापून, झोडून, तोलून आकडा लिहायचा. असल्या मूठभर तुकड्यांच्या वजनांवरून साऱ्या परिसराचे उत्पन्न ठरते. शितावरून भाताची परीक्षा घरोघरच्या बायका रोज करतात. सरकारनेही ती करावी यात नवल ते काय? भंडाऱ्यात भाताशिवाय परीक्षा घ्यायला दुसरे आहे तरी काय, असे आमचे एक वरिष्ठ विनोदाने म्हणत.

या कामामुळे एक प्रश्न माझ्या मागे लागला, तो अजून सुटलेला नाही. जे खरे नाही हे आपल्याला ठाऊक असते, ते खरे धरून चालल्याने सत्य हाती लागते का? आणि लागत असेल, तर त्या धरून चालण्याला खोटेपणा का म्हणू नये? दोरीच्या आतला तुकडा म्हणजे गाव नव्हे, हे मला माहीत असते, शेतकऱ्याला माहीत असते आणि तहसीलदारालाही माहीत असते. तरी आम्ही तिघेही त्याला गाव मानून व्यवहार करतो. लहानपणी ‘खोटे बोलू नये’ एवढेच शिकवले होते. खोटे मानावे की मानू नये, यावर गुरुजींनी काही सांगितल्याचे स्मरत नाही.

हा प्रश्न मी माझ्या मनाशीच घोळवीत राहिलो असतो. पण धाकट्या भावाची मुलगी पदार्थविज्ञानात संशोधन करू लागली आणि तिच्या बोलण्यात तोच प्रश्न, फार मोठ्या वेशात, माझ्यापुढे उभा राहिला. दिवाळीला ती घरी आली होती. मी सहज विचारले, “काय ग, तू नेमके करतेस तरी काय?”

“दोन कण एकमेकांवर आपटले तर कसे विखुरतील, ते हिशेबाने काढते, मोठेबाबा.”

“प्रत्यक्ष आपटून पाहत नाहीस?”

“ते दुसरे लोक करतात. मी एक खोटे जग करते आणि त्यात आपटते.”

तिने ‘खोटे’ हा शब्द किती सहज वापरला! मी फराळाचे ताट बाजूला सारून नीट बसलो.

वाचकांनी येथे घाबरून पान उलटू नये. गोष्ट ऐकण्यासारखी आहे, आणि तिला लागणारे सामान दिवाळीत प्रत्येक घरी असते.

अणूच्या पोटात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात, हे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. त्या प्रोटॉनच्याही आत क्वार्क नावाचे कण आहेत आणि ग्लुऑन नावाचे कण त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतात. हे बंधन कोणत्या नियमांनी चालते, ते १९७३ च्या सुमारास समजले. त्या शास्त्राला क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स म्हणतात. सगळे नियम मिळून एका ओळीत मावतात. पण ती ओळ सोडवायला बसले की माणूस हतबल होतो. विजेच्या बाबतीत एक सोय आहे. पहिला ढोबळ हिशेब करावा, मग लहान दुरुस्ती, मग तिच्याहून लहान दुरुस्ती, असे करत गेले की उत्तर जवळ येते. ग्लुऑनांची जात निराळी. ते क्वार्कांना तर बांधतातच, शिवाय एकमेकांनाही चिकटतात. प्रोटॉनच्या आकाराच्या हिशेबात दुरुस्ती ही मूळ रकमेएवढीच मोठी निघते, आणि दुरुस्तीची दुरुस्तीही तेवढीच. व्याजाने मुद्दल गिळलेल्या सावकारी वहीसारखी ही अवस्था असते.

१९७४ साली केनेथ विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने यावर तोड काढली. ती सांगताना पुतणीने मला अंगणात नेले. तिच्या आईने सकाळी ठिपक्यांची रांगोळी काढली होती. “विल्सनने हेच केले,” ती म्हणाली. “अखंड अवकाश सोडून दिले आणि त्याच्या जागी ठिपके मांडले. क्वार्क बसतात ठिपक्यांवर आणि ग्लुऑन राहतात ठिपके जोडणाऱ्या रेघांवर.” आता रांगोळीतला मोर काही खरा मोर नव्हे. ठिपके विरळ असतील तर त्याची मान कोनाकोनाची होते. ठिपके दाट केले की मानेला डौल येतो. विल्सनच्या जाळीतले दोन ठिपक्यांमधले अंतर प्रोटॉनच्या आकाराच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढे ठेवतात, मग त्याहून कमी करतात, मग आणखी कमी करतात, आणि उत्तर कोणत्या दिशेने सरकते ते पाहतात. ठिपके एकमेकांत मिसळून गेले असते तर काय उत्तर आले असते, हे त्या सरकण्यावरून काढतात.

हे झाले पहिले खोटे. दुसरे असे की ही रांगोळी अंगणाएवढीच असते. सारे विश्व संगणकात मावत नाही. म्हणून दोन-चार किंवा पाच-सहा फर्मी लांबीची एक पेटी घेतात. फर्मी म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. पेटीतून उजवीकडे बाहेर पडलेला कण डावीकडून आत येतो, असे धरतात. तिसरे खोटे क्वार्कांच्या वजनाचे. खऱ्या हलक्या क्वार्कांचा हिशेब संगणकाला फार जड जातो, म्हणून पुष्कळदा त्यांना खऱ्याहून जड धरतात आणि मग हळूहळू हलके करत खऱ्या वजनाकडे नजर लावतात.

चौथे खोटे सर्वांत धाडसाचे आहे. या जगात काळ काल्पनिक असतो. ‘काल्पनिक’ हा येथे गणितातला शब्द आहे. वजा एकचे वर्गमूळ ही जी संख्या, तिने काळाला गुणून टाकतात. असे का करावे? कणांच्या दुनियेत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याच्या सर्व वाटा एकदम मोजाव्या लागतात, आणि त्या वाटांचे हिस्से कधी अधिक, कधी उणे येऊन एकमेकांना खोडून टाकतात. अशा ठिकाणी शितावरून भाताची परीक्षा होत नाही. कारण एका शिताला दुसरे शीत पुसून टाकत असते. काळ काल्पनिक केला की सगळे हिस्से तराजूतल्या वजनांसारखे होतात, कोणी जड, कोणी हलके, पण उणे कोणीच नाही. मग कोट्यवधी शक्यतांतून काही शेकडा वा हजार शक्यता चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडाव्यात आणि त्यांची सरासरी घ्यावी. हे ऐकले आणि मी हसलो. खुंटी कोठे ठोकायची ते सांगणारा माझा आकड्यांचा तक्ता त्या पोरीच्या संगणकातही होता.

पण या चौथ्या खोट्याने एक घोटाळा केला. आपटण्याच्या गोष्टीला आधी आणि नंतर लागते. आधी दोन कण लांबून येतात, नंतर विखुरतात. अतिसूक्ष्म जगाविषयी माणसाला जे कळले, त्यातले बरेचसे अशा विखुरण्यावरूनच कळले. रदरफर्डने सोन्याच्या पातळ पत्र्यावरून उसळून येणाऱ्या कणांचा विचार करून १९११ साली अणूचे केंद्रक ओळखले, ते असेच. किती ऊर्जेने आपटले असता कोणत्या दिशेला जाण्याचा किती संभव, हे ज्या संख्येत साठवलेले असते तिला विखुरण्याचे ॲम्प्लिट्यूड म्हणतात. आणि काळच काल्पनिक झाल्यावर आधी कोठले आणि नंतर कोठले? १९९० साली मैयानी आणि टेस्टा या दोन इटालियन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की अपार मोठ्या जगात आणि काल्पनिक काळात असा हिशेब केला तर सर्वसाधारणपणे ते ॲम्प्लिट्यूड हाती लागत नाही. खोट्याने आपली किंमत वसूल केली होती.

आता गंमत पाहा. वाचवले ते दुसऱ्या खोट्याने, म्हणजे पेटीने. मार्टिन ल्यूशर यांनी १९८६ मध्ये आणि पुढे १९९१ मध्ये याचा मार्ग दाखवला होता. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. आमच्या घरातली बाई बाजारात गुंड घ्यायला गेली की बोटाने टिचकी मारून आधी त्याचा नाद ऐकते. भांडे किती मोठे, पत्रा कसा, कोठे चीर आहे काय, हे नादाला ठाऊक असते. पेटीत कोंडलेल्या दोन कणांच्या ऊर्जेलाही असेच ठरावीक नाद असतात. दोघे एकमेकांशी मुळीच बोलत नसतील तर नाद एका जागी. एकमेकांना ओढत असतील तर किंचित खाली, ढकलत असतील तर किंचित वर. पेटीचा आकार आपणच ठरवलेला असल्यामुळे ठाऊक असतो. नाद किती सरकला यावरून ते मोकळ्या जगात भेटले असते तर कसे विखुरले असते, हे ल्यूशर यांच्या सूत्राने काढता येते. पेटीची भिंत ही अडचण होती, तीच मोजमापाचे साधन झाली. काळ काल्पनिक असला तरी नाद बदलत नाही, एवढे एक वर्म त्यांनी पकडले.

या खोट्या जगातून खरे निघते, याला पुरावा आहे. २००८ साली युरोपातल्या एका गटाने असाच हिशेब करून प्रोटॉनचे आणि त्याच्या भावंडांचे वस्तुमान काढले, आणि ते तराजूत येणाऱ्या वस्तुमानाशी थोड्या टक्क्यांच्या आत जुळले. आपल्या देहाचे जवळजवळ सगळे वजन प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे, आणि त्यात क्वार्कांचे स्वतःचे वजन शंभरात एकाच्या आसपास. बाकीचे सारे वजन त्यांना बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेचे आहे. ही गोष्ट मला रांगोळीच्या ठिपक्यांनी शिकवली, हे आश्चर्य अजून ओसरत नाही.

मग याला खोटे म्हणावे का? माझे मत असे, की म्हणू नये. पण ‘हेतू चांगला होता’ एवढे कारण मला पुरत नाही. चांगल्या हेतूने काय काय केले जाते ते खात्यात राहून मी पाहिले आहे. ते खोटे होत नाही, कारण करणाऱ्याने ते उघड मांडलेले असते आणि परत घेण्याची वाट ठेवलेली असते. ठिपके किती अंतरावर, पेटी केवढी, क्वार्क किती जड, हे तो पहिल्या पानावर लिहितो. वाटेल त्याने ते ठिपके दाट करून पाहावेत. खोटे बोलणारा माणूस आपल्या खोट्याचे माप देत नसतो.

येथे एक वाकडी वाट आहे, आणि ती मला आपल्याच एका मराठी माणसामुळे कळली. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. पुढे जगभर नाव झाले ते आहारशास्त्रातील कामाने. पण त्याआधी पीक कापणीचे शास्त्र या देशात रुजवणाऱ्यांत ते अग्रभागी होते. त्या काळी बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांची मंडळी पिकाच्या पाहणीसाठी अगदी लहान वर्तुळे कापत. लहान वर्तुळे सोपी, थोड्या वेळात पुष्कळ होतात. आणि पुष्कळ झाली की सरासरी पक्की होते, असा विचार. सुखात्म्यांनी शेतावर तुलना करून पाहिली आणि १९४६ साली दाखवून दिले, की लहान वर्तुळे पीक फुगवून सांगतात. कारण साधे आहे. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात साडेबारा चौरस फूट पीक, आणि त्याची कडही साडेबारा फूट. म्हणजे दर चौरस फुटाला एक फूट कड. तेहेतीस फुटांचा चौकोन घेतला तर दर फूट कडेमागे आठ चौरस फूट पीक येते. दोरीवरच उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. लबाडीने ओढतो असे नाही. हाताला तशी ओढच असते. अशा ओढीने भरलेली हजार वर्तुळे कापली तरी सरासरी खरी होत नाही. उलट तिच्यावरचा विश्वास वाढत जातो.

महालनोबीसांच्या बाजूने सांगण्यासारखेही होते, आणि शिकवून तयार केलेले लोक ही चूक टाळतात असे त्यांचे म्हणणे असे. दोन मोठ्या माणसांचा तो वाद निकालात काढण्याचा अधिकार मला नाही. माझ्या मनात राहिला तो भेद असा: एक चूक कष्टाने कमी होते, दुसरी कितीही कष्ट केले तरी होत नाही. शीत एकच चाचपले आणि ते योगायोगाने कच्चे निघाले, तर आणखी चार चाचपावीत. पण भांड्याच्या वरच्याच थरातली शिते उचलण्याची सवय असेल, तर शंभर उचलूनही तळाशी करपलेला भात कळायचा नाही. भात ढवळावा लागतो.

शास्त्रज्ञ या दोन चुका वेगळ्या लिहितात, हे मला पुतणीने दाखवले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अर्चना राधाकृष्णन आणि नीलमणी माथुर यांनी चेन्नईच्या गणितविज्ञान संस्थेतील एम. पद्मनाथ यांच्यासह २०२४ साली एक हिशेब प्रसिद्ध केला. एक बॉटम, एक चार्म आणि दोन हलके प्रतिक्वार्क अशा चौघांचा मिळून एक कण असू शकेल काय, हा प्रश्न. प्रयोगात तो तोवर कोणी पाहिलेला नव्हता. त्यांनी पेटीतले नाद ऐकले, त्यावरून विखुरण्याचे ॲम्प्लिट्यूड काढले, आणि हे चौघे ४३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढ्या ऊर्जेने एकत्र बांधलेले राहतील असे उत्तर दिले. ४३ च्या पुढे दोन कंस आहेत. पहिल्या कंसात एका बाजूला ६ आणि दुसऱ्या बाजूला ७. दुसऱ्या कंसात १४ आणि २४. पहिला कंस शिते थोडी चाचपल्याचा. दुसरा कंस भात पुरता ढवळला गेला की नाही या शंकेचा: ठिपके, वजने, मूळ वाटेवरून खऱ्या जगापर्यंत मारलेली उडी. आणि दुसरा कंस पहिल्याहून मोठा आहे. इतक्या शिकलेल्या माणसांनी आपल्या शंकेचा आकडा आपल्या श्रमाच्या आकड्याहून मोठा छापावा, हे पाहून मला त्या अनोळखी लोकांविषयी जो आदर वाटला, तो त्यांच्या ४३ मुळे वाटला नाही.

आता एक गोष्ट सांगतो. गाव सांगत नाही, साल सांगत नाही, माणसाचे नाव तर नाहीच. आमच्यापैकी एक अत्यंत सज्जन गृहस्थ होते. एका वर्षी शेवटच्या पावसाने दगा दिला, धान निसवायच्या वेळी बांध्या कोरड्या पडल्या. तक्त्याने खुंटीसाठी जी जागा दाखवली, ती नेमकी तलावाखालच्या भरल्या बांधीत. साऱ्या गावात हिरवी राहिलेली ती एकच वाडी. गृहस्थांनी धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांची तोंडे पाहिली आणि तीस-चाळीस पावले चालत जाऊन खुंटी बरड बांधीत ठोकली. तोल बरोबर केला. दोरी बरोबर धरली. आकडा होता तसा लिहिला. हे सर्व त्यांनी मला निवृत्तीनंतर स्वतः सांगितले, आणि सांगताना त्यांना पश्चात्ताप झालेला नव्हता. “तक्ता आंधळा असतो हो,” ते म्हणाले, “मला डोळे होते.”

या वाक्याला उत्तर देणे सोपे नाही. गावाची खरी स्थिती तक्त्यापेक्षा त्यांच्या खुंटीने अधिक खरी सांगितली असेलही. त्या गावाला मदत मिळाली, त्या घरांतून दिवाळीला चूल पेटली. मी त्यांना दोषी ठरवायला बसलेलो नाही. पण शेजारच्या गावचा विचार माझ्या मनातून जात नाही. तेथेही पाऊस तसाच गेला असणार. आणि तेथे दोरी धरणारा माणूस नियमाने वागणारा असेल, त्याने तक्त्याचे ऐकून भरल्या बांधीतच खुंटी ठोकली असेल, तर त्या गावाला काय मिळाले? एका गावावरची दया दुसऱ्या गावाच्या खात्यावर पडली आणि कोणाच्याही वहीत ती नोंद नाही. तक्ता आंधळा असतो, तो आंधळा ठेवलेला असतो. ज्याला डोळे असतात, तो आज दयेने पाहील, उद्या वरिष्ठांच्या मर्जीने पाहील, आणि खुंटी दोन्ही वेळा तितक्याच सहजतेने सरकेल. सरकवलीच होती, तर ‘सरकवली, इतकी पावले, या कारणासाठी’ एवढी एक ओळ त्यांनी लिहिली असती, तर मी त्यांच्या बाजूने भांडलो असतो. तीस पावले मागे जाता आली असती.

मागे जाता येणे किती मोलाचे आहे, याचे उदाहरण पुन्हा त्याच शास्त्रातले. २०२१ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील एलएचसीबी या प्रयोगाने दोन चार्म क्वार्क असलेला, चौघांचा एक कण सापडल्याचे जाहीर केले. २०२२ साली पद्मनाथ आणि साशा प्रेलोव्हशेक यांनी जाळीवर त्याची चौकशी केली. क्वार्क खऱ्याहून जड धरले होते. पायॉन नावाच्या कणाचे वजन त्यामुळे निसर्गातल्या १४० ऐवजी २८० च्या आसपास, आणि हे त्यांनी ठळक सांगितले होते. त्या कणाची खूण त्यांना जेथे असायला हवी तेथून थोडी खाली दिसली. सगळी खोटी मोजलेली होती. तरी एक राहिले होते. ज्या दोन कणांच्या भेटीतून हा चौघांचा मेळ होतो, ते एकमेकांकडे पायॉन टाकत असतात, आणि त्या हलक्या निरोप्याची धाव लांबवर असते. तो जेथे येजा करू लागतो, त्या टप्प्यात ल्यूशरचे सूत्र जसेच्या तसे लावता येत नाही. २०२३ साली दुसऱ्या अभ्यासकांनी त्यांचेच छापील आकडे घेऊन हे दाखवले आणि खूण निराळ्या जागी पडू शकते असे मांडले. पुढच्या वर्षी पद्मनाथ आणि प्रेलोव्हशेक यांनी दोन सहकाऱ्यांसह तो निरोप्या हिशेबात धरून पुन्हा काम केले.

यात कोणी कोणाला लबाड म्हटले नाही, म्हणण्याचे कारणही नव्हते. न मोजलेले खोटे प्रत्येकाच्या हिशेबात असते. सुखात्म्यांनी कडेवरचे रोप दाखवीपर्यंत ते कापणाऱ्याला तरी कोठे दिसले होते? ते दुसऱ्याला सापडावे एवढी जागा आपण कागदावर ठेवली आहे की नाही, इतकेच आपल्या हाती असते. माझ्या त्या सज्जन मित्राचा आकडा मात्र कोणालाही पुन्हा उघडता येणार नाही. तो जिल्ह्याच्या सरासरीत मिसळून गेला. पुढे कोणी त्या वर्षांच्या आकड्यांवरून कोणते वाण दुष्काळात तगते याचा अभ्यास केला असेल, तर त्याच्या उत्तरात ती तीस पावले आहेत, आणि त्याला ते माहीत नाही.

हे सगळे मी पुतणीला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “मोठेबाबा, तुमच्या आकड्यांना कंस होता का?”

पैसेवारीचा आकडा कसा असतो ते तिला समजावून सांगावे लागले. पूर्वी आणेवारी म्हणत, मग पैसेवारी झाली. भरपूर पीक म्हणजे रुपया. त्यातले किती पैसे आले, ते गावोगाव ठरवायचे. माझ्या नोकरीच्या काळात पन्नास पैशांवर रेघ होती. त्याखाली आलेले गाव टंचाईच्या सवलतींना पात्र, वर राहिलेले अपात्र. ४९ चे गाव आत, ५१ चे बाहेर. त्या ४९ च्या पुढे ना पहिला कंस, ना दुसरा. तो लिहिला असता तर कदाचित ४९ पुढे ६ आणि ५१ पुढेही ६ आले असते, आणि मग त्या दोन गावांमध्ये भेद करणे कोणालाही जड गेले असते.

“पण मग निर्णय कसा घ्यायचा?” ती म्हणाली. “आम्ही थांबू शकतो. कण कोठे जात नाही. दहा वर्षांनी मोठा संगणक आला की ठिपके दाट करू.”

शेतकऱ्याला दहा वर्षे थांबता येत नाही, हे तिला सांगावे लागले नाही. ती याच जिल्ह्यात वाढली. तरी मला वाटते की कंस लिहिलाच पाहिजे, आणि निर्णय घेताना कंसात अडकलेले गाव आत धरले पाहिजे. संशयाचा फायदा आरोपीला देतात, तो कोरड्या बांधीला द्यायला काय हरकत आहे? त्यात सरकारचा काही पैसा चुकीच्या दारी जाईल. जावा. तो किती गेला याचा अंदाज निदान कागदावर असेल, आणि दयाळू माणसाला रात्री खुंटी उचलून हिंडावे लागणार नाही.

हे मी एकदा, नोकरीत असताना, वरच्या एका कचेरीत बोलून दाखवले होते. तेथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले, नमुना माझ्यापुढे केला आणि म्हणाले, “तुमचे पटते, पण यात त्याला रकाना नाही.” मी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. गाव, पीक, क्षेत्र, वजन, सही. रकाना खरेच नव्हता.